अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांचे त्वचा व केसांवरील परिणाम

अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेली संयुगे होत. स्नायूंची वाढ करणे व पुरुषत्वाची बाह्य लक्षणे वाढविणे असे दोन गुण या द्रव्यांत एकत्र नांदतात. पहिला गुण राखून दुसरा पूर्णपणे वगळणे औषधशास्त्राला आजवर साधलेले नाही. त्वचेतील तैलग्रंथी व केसांची मुळे या संप्रेरकांना विशेष संवेदनशील असल्यामुळे, पिळदार शरीरासाठी ही द्रव्ये घेणाऱ्यांच्या त्वचेवर व केसांवर परिणाम दिसून येतात. तेलकट त्वचा, तीव्र मुरुम, त्वचेवरील ताणरेषा, डोक्यावरील केस गळणे आणि स्त्रियांमध्ये चेहऱ्यावर दाट केस येणे ही त्यांपैकी प्रमुख लक्षणे होत.

हृदय, यकृत व प्रजननसंस्था यांवरील दुष्परिणाम बराच काळ डोळ्यांना दिसत नाहीत. त्वचेवरील खुणा मात्र काही आठवड्यांतच उमटू शकतात. त्यामुळे अशा सेवनाची पहिली चाहूल अनेकदा घरच्यांना, प्रशिक्षकाला किंवा त्वचारोगतज्ज्ञाला त्वचेवरूनच लागते. यांतील काही परिणाम सेवन थांबविल्यावर मावळतात, तर काही कायम राहतात.

## संज्ञेविषयी

‘स्टेरॉइड’ हा शब्द रासायनिक रचनेवरून आलेला असून, परस्परांहून अगदी भिन्न कार्य करणारी अनेक द्रव्ये त्यात मोडतात. दमा, सांधेदुखी, इसब इत्यादी विकारांत दिली जाणारी कॉर्टिकोस्टेरॉइडे आणि स्नायुवृद्धीसाठी वापरली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे यांत सामान्य माणसाची गल्लत होते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, प्रेडनिसोलोन ही पहिल्या गटातील, तर टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल व मेथॅन्डिएनोन ही दुसऱ्या गटातील नावे होत.

दोन्ही गटांचे त्वचेवरील परिणामही वेगळे असतात. गजकर्णासाठी किंवा गोरेपणासाठी स्वतःच्या मनाने लावलेल्या कॉर्टिकोस्टेरॉइडयुक्त मलमांनी त्वचा पातळ होते, लाल पडते व तिच्यावर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते. कॉर्टिकोस्टेरॉइडांमुळे येणाऱ्या पुटकुळ्या बहुधा एकाच आकाराच्या असतात. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांमुळे येणाऱ्या मुरुमांत मात्र काळी तोंडे असलेल्या बारीक पुळ्यांपासून खोल, दुखऱ्या गाठींपर्यंत सर्व प्रकार एकत्र आढळतात. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडांमुळे उठलेल्या मुरुमांवर औषधाच्या दुकानातून आणलेले कॉर्टिकोस्टेरॉइडचे मिश्र मलम चोळल्यास लाली तेवढ्यापुरती ओसरते, पण मूळ विकार तसाच राहून त्यावर दुसऱ्या विकाराची भर पडते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट व लेओपोल्ड रुझिचका यांनी ते स्वतंत्रपणे संश्लेषित केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मेथॅन्डिएनोन हे तोंडावाटे घेण्याचे औषध सीबा या कंपनीने १९५८ मध्ये अमेरिकेत ‘डायनाबॉल’ या नावाने बाजारात आणले आणि थोड्याच काळात ते भारोत्तोलकांच्या हाती गेले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये या गटावर बंदी घातली व १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यासाठी चाचण्या सुरू झाल्या.

पूर्व जर्मनीमध्ये सरकारी यंत्रणेमार्फत खेळाडूंना, त्यांतही अल्पवयीन मुलींना, ही औषधे पद्धतशीरपणे देण्यात आली. जर्मन एकीकरणानंतर उघड झालेल्या कागदपत्रांत मुलींना आलेले मुरुम, अंगावर वाढलेले केस व घोगरा झालेला आवाज यांच्या नोंदी सापडल्या. स्त्रीशरीरावर या द्रव्यांचा काय परिणाम होतो, याविषयीच्या माहितीचा मोठा भाग या दुर्दैवी नोंदींतून मिळालेला आहे.

## कार्यपद्धती

त्वचेतील तैलग्रंथींच्या पेशी व केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी यांत अँड्रोजन ग्राही नावाची प्रथिने असतात. संप्रेरक या ग्राहीला जाऊन चिकटले की पेशीतील ठरावीक जनुके कार्यरत होतात. याशिवाय त्वचेत पाच-अल्फा-रिडक्टेज हे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करते आणि हे नवे संप्रेरक ग्राहीला अधिक घट्ट चिकटते. या विकराचा पहिला प्रकार मुख्यतः तैलग्रंथींत, तर दुसरा केसांच्या मुळांत आढळतो.

निरोगी शरीरात या संप्रेरकांची पातळी मेंदूतील पोष ग्रंथीच्या नियंत्रणाखाली असते. स्नायुवृद्धीसाठी घेतल्या जाणाऱ्या मात्रा औषधी मात्रेच्या दहा ते शंभर पटींपर्यंत जाऊ शकतात. अनेकदा दोन-तीन द्रव्ये एकाच वेळी घेतली जातात. एवढ्या मोठ्या मात्रेपुढे शरीराचे नियंत्रण टिकत नाही व त्वचेतील ग्राही सतत उद्दीपित अवस्थेत राहतात.

## त्वचेवरील परिणाम

### तेलकटपणा व मुरुम

तैलग्रंथी आकाराने वाढतात आणि अधिक तेल स्रवू लागतात. चेहरा, छाती व पाठ तुकतुकीत दिसू लागते, केस धुतल्यावरही लवकर चिकट होतात. तेलाबरोबर केसाच्या नलिकेच्या तोंडाशी मृत पेशींचा थर साचतो, नलिका बंद होते आणि तेलावर जगणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या जीवाणूंची संख्या वाढते. यातून मुरुमांची निर्मिती होते.

ही द्रव्ये घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना मुरुम येतात, असे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. तारुण्यपिटिका सामान्यतः किशोरवयात सुरू होऊन पुढे कमी होत जातात. याउलट, पंचविशी-तिशीतील पुरुषाच्या पाठीवर, खांद्यांवर, छातीवर व दंडांवर अचानक आणि मोठ्या प्रमाणावर मुरुम उठले, तर स्टेरॉइडसेवनाची शंका घ्यावी लागते. पूर्वी मुरुमांचा त्रास होऊन गेलेल्यांमध्ये तो नव्याने व अधिक तीव्रतेने उद्‌भवतो.

याचे दोन गंभीर प्रकार आहेत. पहिल्यात खोल गाठी परस्परांना आतून जोडल्या जाऊन त्यांतून पू वाहतो व बरे झाल्यावर खड्डे किंवा जाड व्रण उरतात. दुसऱ्यात, ज्याला अ‍ॅक्ने फुल्मिनन्स म्हणतात, मुरुम एकाएकी फुटून त्यांचे रक्ताळलेले, खपलीदार व्रण होतात. त्यासोबत ताप, सांधेदुखी, अशक्तपणा व रक्तातील श्वेत पेशींची वाढ दिसते. हा प्रकार विरळ असला तरी त्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येऊ शकते.

### ताणरेषा

गरोदरपणात पोटावर उमटतात तशा रेषा स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीच्या छाती व खांदा यांच्या सांध्यावर, काखेजवळ, दंडांवर आणि मांड्यांवर उमटतात. स्नायू ज्या वेगाने फुगतात त्या वेगाने त्वचेतील तंतूंची वाढ होत नाही, त्यामुळे त्वचेचा आतील थर फाटतो. या रेषा प्रारंभी लालसर-जांभळ्या असतात, कालांतराने पांढुरक्या होतात आणि कायम राहतात. केवळ नियमित व्यायामानेही काहींना ताणरेषा येतात, म्हणून एवढ्या एका लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

### संसर्ग व इंजेक्शनाच्या जागेचे विकार

तेलकट त्वचेवर केसतोड, गळवे आणि डोक्यातील कोंड्यासह येणारा त्वचादाह यांचे प्रमाण वाढते. अनेक स्टेरॉइडे तेलात विरघळवून स्नायूत टोचली जातात. निर्जंतुकीकरणाची काळजी न घेतल्यास टोचलेल्या जागी गाठ किंवा गळू होते. कधी कधी नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या, क्षयजंतूंच्या वर्गातील जीवाणूंचा संसर्ग होऊन महिनोन्‌महिने वाहणारी जखम राहते. एकच सुई अनेकांनी वापरल्यास कावीळ-ब, कावीळ-क व एचआयव्ही यांचा प्रसार होण्याचा धोका असतो.

### अंतर्गत विकारांची त्वचेवरील चिन्हे

मेथॅन्डिएनोन, स्टॅनोझोलॉल यांसारख्या तोंडावाटे घेण्याच्या द्रव्यांची रचना यकृतात ती लवकर नष्ट होऊ नयेत अशी बदललेली असते. हाच बदल यकृताला अपायकारक ठरतो. पित्ताचा प्रवाह अडल्याने डोळे व त्वचा पिवळी पडते आणि सर्वांगाला तीव्र खाज सुटते. तांबड्या रक्तपेशींची संख्या अवाजवी वाढल्यास चेहरा लालबुंद दिसतो. काही व्यायामपटूंत ही लाली ‘रक्त वाढल्याची’ व प्रकृती सुधारल्याची खूण मानली जाते. प्रत्यक्षात रक्त दाट झाल्याने त्याच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो.

## केसांवरील परिणाम

एकाच संप्रेरकामुळे दाढीचे केस जाड होतात आणि डोक्यावरचे केस विरळ होतात, हा वरवर विसंगत वाटणारा प्रकार केसांच्या मुळांच्या जागेवर अवलंबून असतो. दाढी, छाती व काख येथील मुळे अँड्रोजनच्या प्रभावाने मऊ लवीचे रूपांतर जाड, काळ्या केसांत करतात. ज्यांच्यात टक्कल पडण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असते, त्यांच्या कपाळाकडील व माथ्यावरील मुळांत याच्या उलट घडते. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ आखडत जातो, मूळ लहान होत जाते आणि शेवटी तेथे केवळ लव उरते. डोक्याच्या मागच्या भागातील मुळांवर हा परिणाम फारसा होत नाही.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून हा संबंध स्पष्ट झाला. तारुण्यापूर्वी वृषणांचे कार्य थांबलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टकलाचा इतिहास होता त्यांचे केस गळू लागले, इतरांचे नाही. संप्रेरक थांबविल्यावर गळणे पुढे सरकले नाही, परंतु गेलेले केस परत आले नाहीत. स्टेरॉइड घेणाऱ्या तरुणांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. ज्याला चाळिशीत टक्कल पडावयाचे, त्याला ते विशीतच पडू शकते.

केस वाचविण्यासाठी स्टेरॉइडाबरोबर फिनास्टेराइड घेतल्यास धोका टळतो, असा समज व्यायामशाळांत आढळतो. हे औषध टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होणारे रूपांतर रोखते. परंतु स्टॅनोझोलॉलसारखी द्रव्ये मुळातच डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनपासून बनविलेली असल्याने त्यांच्यावर त्याचा उपयोग होत नाही. नॅन्ड्रोलोनच्या बाबतीत तर ते उलटते. पाच-अल्फा-रिडक्टेजच्या क्रियेने नॅन्ड्रोलोन सौम्य होत असते, फिनास्टेराइडने ती क्रिया थांबली की केसांच्या मुळांवरील त्याचा प्रभाव वाढतो.

## स्त्रिया व मुले

स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेने फारच अल्प असते. त्यामुळे थोड्या मात्रेनेही ओठांवर, हनुवटीवर, छातीवर व पोटावर जाड केस येतात, मुरुम उठतात, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि मासिक पाळी अनियमित होते. आवाज घोगरा होणे हा बदल बहुधा परत फिरत नाही. चेहऱ्यावर आलेले जाड केसही औषध थांबविल्यानंतर अनेकदा टिकून राहतात. अशीच लक्षणे बीजांडकोशांतील बहुपुटी विकार व अधिवृक्क ग्रंथींचे आजार यांतही दिसतात. म्हणून तपासणीशिवाय कोणावरही स्टेरॉइडसेवनाचा ठपका ठेवणे अन्यायाचे ठरते.

किशोरवयीन मुलांमध्ये या द्रव्यांमुळे हाडांची टोके अकाली जुळून उंची खुंटते. मुरुमांचे तीव्र प्रकारही या वयात अधिक संभवतात. टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्या पुरुषाच्या त्वचेशी संपर्क आल्याने घरातील लहान मुलांमध्ये अकाली जांघेतील केस व इतर लक्षणे दिसल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये अशा उत्पादनांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

## निदान

निदानात रुग्णाने दिलेली खरी माहिती सर्वांत मोलाची असते. अनेक तरुण विचारल्याशिवाय स्टेरॉइडचा उल्लेख करीत नाहीत. काहींना आपण ते घेत आहोत याची कल्पनाही नसते, कारण पूरक आहाराच्या डब्यांत अघोषित स्टेरॉइडे असू शकतात. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये तेरा देशांतील ६३४ पूरक उत्पादने तपासली असता, त्यांपैकी ९४ उत्पादनांत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांत, वेष्टनावर न नोंदविलेली संप्रेरकजन्य द्रव्ये आढळली. दुधातील निवळीपासून बनविलेली प्रथिन-भुकटीही काहींमध्ये मुरुम वाढविते. त्यामुळे रुग्णाने आपण घेत असलेल्या सर्व भुकट्या, गोळ्या व इंजेक्शने यांची यादी डॉक्टरांना दाखविणे हितावह असते.

मुरुम, ताणरेषा व अल्पावधीत झालेली स्नायुवृद्धी यांसोबत पुरुषांमध्ये स्तनांची वाढ व वृषणांचा आकार कमी होणे ही लक्षणे असल्यास शंका बळावते. रक्ततपासणीत पोष ग्रंथीची प्रजननसंप्रेरके अत्यल्प, तांबड्या पेशींचे प्रमाण वाढलेले आणि हितकारक कोलेस्टेरॉल कमी झालेले दिसते. स्त्रियांमधील अनावश्यक केसांची तीव्रता फेरिमन-गॅलवे या गुणांकनपद्धतीने मोजतात.

## उपचार व परिणामांची परतफेड

उपचारांचा पाया म्हणजे स्टेरॉइड थांबविणे. बाहेरून संप्रेरक मिळत असताना शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडलेली असते. ते एकाएकी थांबविल्यास थकवा, खिन्नता व कामेच्छेचा अभाव जाणवतो, आणि याच काळात अनेक जण पुन्हा त्या द्रव्यांकडे वळतात. म्हणून सेवन थांबविताना अंतःस्रावतज्ज्ञाचा सल्ला व घरच्यांचा आधार या दोन्हींची गरज असते.

सौम्य मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड व रेटिनॉइड वर्गातील मलमे, मध्यम प्रकारांत डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि तीव्र प्रकारांत आयसोट्रेटिनॉइन देतात. आयसोट्रेटिनॉइनमुळे यकृतावर व रक्तातील मेदावर परिणाम होऊ शकतो. तोंडावाटे घेण्याच्या स्टेरॉइडांचाही रोख तिकडेच असल्याने ही दोन्ही एकाच वेळी घेणे धोक्याचे असते. गर्भावर गंभीर विकृती घडवीत असल्याने गर्भवतीला हे औषध पूर्णपणे वर्ज्य आहे. अ‍ॅक्ने फुल्मिनन्समध्ये आयसोट्रेटिनॉइन आरंभीच मोठ्या मात्रेत दिल्यास विकार बळावतो. त्यामुळे आधी प्रेडनिसोलोनने दाह शमवून मग ते अल्प मात्रेत सुरू करतात. मुरुम फोडल्याने व्रण वाढतात.

सेवन थांबविल्यानंतर काय परत फिरते याचा सारांश असा :

* तेलकटपणा व नवे मुरुम काही आठवड्यांत ते महिन्यांत कमी होतात.
* मुरुमांचे खड्डे, जाड व्रण व ताणरेषा राहतात. उपचारांनी त्या फिकट करता येतात, पुसता येत नाहीत.
* आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांचे डोक्यावरील गेलेले केस सहसा पूर्ववत होत नाहीत. मिनॉक्सिडिल वा केशरोपणाने काही प्रमाणात उपाय होतो.
* स्त्रियांच्या चेहऱ्यावरील जाड केस अनेकदा टिकतात व लेसर अथवा विद्युतपद्धतीने काढावे लागतात.
* स्तनांची झालेली वाढ जुनी असल्यास शस्त्रक्रियेवाचून जात नाही.

## वैद्यकीय उपयोग

ही द्रव्ये सरसकट त्याज्य नाहीत. वृषणांचे कार्य अपुरे असलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिले जाते. काही प्रकारच्या रक्तक्षयात ऑक्सिमेथोलोनचा वापर झालेला आहे. त्वचा व श्लेष्मल पडद्यांना अचानक सूज आणणाऱ्या आनुवंशिक अँजिओएडेमा या विकारात डॅनाझोल व स्टॅनोझोलॉल यांनी सुजेचे झटके कमी होतात. अशा उपचारांत मात्रा अल्प ठेवली जाते, ठरावीक काळाने रक्त व यकृत तपासले जाते आणि त्वचेवरील परिणाम दिसताच मात्रेचा फेरविचार केला जातो.

## भारत व महाराष्ट्र

भारतात अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडे औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. त्वचेवर लावण्याच्या अनेक कॉर्टिकोस्टेरॉइड मलमांनाही २०१८ मध्ये हे बंधन स्पष्टपणे लागू करण्यात आले. खेळांतील वापरावर २००५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजेच नाडा, लक्ष ठेवते. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने तिला वैधानिक अधिष्ठान मिळाले.

महाराष्ट्राच्या क्रीडाविश्वात मेथॅन्डिएनोनचे नाव सर्वतोमुखी झाले ते कुस्तीगीर नरसिंग यादव यांच्या प्रकरणामुळे. २०११, २०१२ व २०१३ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या यादव यांनी २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी भारताला प्रवेश मिळवून दिला होता. जून-जुलै २०१६ मध्ये सोनीपत येथील सराव शिबिरात घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांत हे द्रव्य आढळले. आपल्या आहारात कोणीतरी ते मिसळले, अशी त्यांची भूमिका होती. नाडाने ती मान्य करून १ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांना दोषमुक्त केले. जागतिक संस्थेने या निर्णयाविरुद्ध दाद मागितल्यावर क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट रोजी, त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. या प्रकरणातील पुरावा लघवीच्या नमुन्यातील होता, त्वचेवरील लक्षणांचा नव्हे. स्टेरॉइडचे अंश मूत्रात दीर्घकाळ सापडतात आणि ते शरीरात कसे आले याची जबाबदारी नियमानुसार खेळाडूवरच येते, हे यावरून स्पष्ट होते.

स्पर्धात्मक खेळाडूंची चाचणी तरी होते. गावोगावच्या व्यायामशाळांत येणाऱ्या सामान्य तरुणांची अशी चाचणी होत नाही. खानदेशात यात्रांतील कुस्त्यांच्या फडांची व तालमींची जुनी परंपरा आहे. जोर, बैठका, दूध, तूप व बदाम यांवर शरीर कमावण्यास तेथे वर्षे लागत. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील लहानमोठ्या गावांत आता यंत्रांच्या व्यायामशाळा उघडल्या असून पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारे तरुणही तेथे जातात. तीन महिन्यांत शरीर घडवून देण्याचे आमिष जेथे असेल, तेथे पाठीवर अकस्मात उठलेले मुरुम ‘गरम पडल्याचे’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी संलग्न रुग्णालयांत अशा रुग्णांना तपासणी व सल्ला घेता येतो. रुग्णाने डॉक्टरांना दिलेली माहिती गोपनीय राखणे हे त्यांचे व्यावसायिक कर्तव्य असते. त्यामुळे स्टेरॉइडसेवन लपविण्याचे कारण राहत नाही, आणि ते जितक्या लवकर सांगितले जाईल तितके कायमचे नुकसान कमी होते.